शेवट बदला म्हणणाऱ्यांना

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने पहिली कादंबरी लिहिली आहे. तिच्यात दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात, भांडतात, दुरावतात आणि शेवटी एकत्र राहू लागतात. पुस्तक अजून निघालेलं नाही. पण हस्तलिखिताच्या झेरॉक्स आणि मोबाइलवरची पीडीएफ जळगाव, अमळनेर, धुळ्यापर्यंत फिरली आणि गेले काही महिने इकडच्या लिहित्या-वाचत्या मंडळींत त्यावरून वाद चालला आहे. एक बाजू म्हणते, असली पुस्तकं पुण्या-मुंबईला काढा, खान्देशात हे चालायचं नाही. दुसरी म्हणते, पुस्तक निघालंच पाहिजे, कारण ते धाडसी आहे, दबलेल्यांचा आवाज आहे. मी दोन्हीकडच्या बऱ्याच जणांशी बोलले. कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली माणसं दोन्हीकडे फार थोडी निघाली. मतं मात्र सगळ्यांचीच ठाम.

माझं मत आधीच सांगते. ही कादंबरी छापली जावी, आहे त्या शेवटासह, आहे त्या गावासह, आणि प्रेमकथा म्हणूनच. तिच्यातून कैफियत, चळवळीचं पत्रक किंवा आत्मकथन काढू पाहणारे लोक, विरोधक असोत की समर्थक, दोन माणसांच्या प्रेमाची गोष्ट गोष्ट म्हणून वाचायलाच तयार नाहीत. वाद सगळा तिथे बिघडला आहे.

कादंबरीतला एक जण मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपांचं वायंडिंग करून देतो. दुसऱ्याची तापीकाठी कांदेबाग आहे, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी. शेतीच्या लाइनीला वीज रात्रीची, तीही कधी येईल याचा नेम नाही. म्हणून दोघं विहिरीवर स्टार्टरच्या पेटीजवळ बसून लाईटची वाट बघतात. एकाच्या बोटांना वार्निशचा वास, दुसऱ्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानेही जात नाहीत. अडीचशे पानांत दोघांपैकी कुणीही प्रेमाची कबुली देत नाही. रोज रात्री एक जण विचारतो, ‘‘जेवना का?’’ आणि दुसरा जेवला असला तरी नाही म्हणतो. हे वाचताना मला लेखकाच्या धाडसाची आठवणही झाली नाही. लाईट आणखी तासभर येऊ नये, एवढंच वाटत राहिलं.

आता या मजकुराचा प्रकाशकांकडचा प्रवास बघा. एकाने पोच दिली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. हे मराठीत कुठल्याही नवख्याच्या वाट्याला येतं, त्यावर मी थांबत नाही. दुसऱ्याने सविस्तर कळवलं: भाषा ओघवती आहे, वातावरण छान उतरलंय, पण शेवट पटत नाही, एकाचं लग्न लावून द्या, नाहीतर एकाला जाऊ द्या. ‘जाऊ द्या’ म्हणजे मरू द्या. तिसऱ्याने सुचवलं की पात्रं पुण्यात हलवली तर वाचकाला जवळची वाटतील. आणखी एकाने विचारलं, हे तुमच्याच आयुष्यातलं आहे का? असेल तर आत्मकथन म्हणून काढू, त्याला मागणी आहे. आणि शेवटच्या प्रकाशकाला काहीच बदलायचं नव्हतं; छपाईचा खर्च लेखकाने करायचा आणि निम्म्या प्रती लेखकानेच उचलायच्या, एवढीच त्याची अट.

प्रकाशकांच्या बाजूने जे म्हणता येईल ते खोटं नाही. नव्या लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती हल्ली ५०० प्रतींची, फार तर १,००० ची निघते. त्यातला मोठा वाटा सार्वजनिक ग्रंथालयांच्या खरेदीवर अवलंबून असतो आणि ग्रंथालयांची खरेदी सरकारी अनुदानाच्या हप्त्यावर. हप्ता लांबला की बिलं लांबतात. जिल्ह्याच्या गावी दोन खोल्यांत प्रकाशन चालवणाऱ्या माणसाला एखाद्या पुस्तकावर गदारोळ झाला तर पुढच्या वर्षीच्या वाचनालयांच्या याद्यांतून आपलं नाव गळेल ही धास्ती असते. त्याने जोखीम घेतली नाही म्हणून त्याला बुरसटलेला ठरवणाऱ्यांनी कधी स्वतःच्या पैशाने कागदाची रिमं विकत घेतलेली नसतात.

पण या हिशेबाने आलेली उत्तरं समजत नाहीत. पैशाचीच अडचण असती तर नकार आला असता आणि विषय संपला असता. इथे सूचना आल्या, आणि त्या विक्री वाढवणाऱ्याही नाहीत. नायक मेल्याने ५०० च्या ६०० प्रती खपतात असं कोणता वितरक सांगेल? उलट आपल्या वाचनालयांत शिवण सुटेपर्यंत वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या काढून बघा. ना. सी. फडक्यांपासून पुढे, त्यांतल्या कितीतरी गोड शेवटाच्या प्रेमकथाच आहेत. म्हणजे शेवट बदला ही मागणी धंद्याची नाही. या दोघांनी सुखी होऊ नये, ही ती इच्छा आहे. ती इच्छा बाळगणाऱ्याला स्वतःलाही ती ठाऊक नसेल; म्हणून तर ती ‘पटत नाही’ अशा साध्या शब्दांत येते.

वास्तवाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. अनेकांनी मला विचारलं, खान्देशातल्या गावात दोन पुरुष असे एकत्र राहतील हे खरं वाटतं का? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क नाकारला. घरमालक, भाऊबंद, गल्ली, नोकरी यांतल्या कशालाच त्या पहिल्या निकालाने हात लागलेला नाही. मराठी प्रेमकथा लग्नाच्या मांडवात संपायची सवय असलेली. इथे मांडवच नाही. मग लेखकाने संपवायचं कुठे?

हा प्रश्न मला कादंबरीच्या रचनेतला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो आणि या तरुणाने तो सोडवला आहे. त्याचा शेवट कुठल्याही अर्थाने स्वप्नाळू नाही. वायंडिंगच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत, तिथे दोघं राहतात. घरमालक त्यांना धंद्यातले भागीदार समजतो, किंवा समजल्याचं दाखवतो. एकाची आई येत नाही. दुसऱ्याची बहीण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणाच्या मांड्यांचा डबा घेऊन येते, उंबऱ्यातच उभी राहते आणि शेवटी आत येऊन पाणी पिते. एवढंच सुख. यात न पटण्यासारखं काय आहे? फडक्यांचे नायक मोटारीतून फिरत होते तेव्हा त्यांचे बहुतेक वाचक पायी चालत होते; कुणी म्हणालं नाही की हे वास्तवाला धरून नाही, नायकाला अपघातात मारा. आंतरजातीय लग्नं गावागावांत कापाकापीपर्यंत गेली, तरी मराठी कथा-कादंबऱ्यांत ती सुखाने लागत राहिली आणि आपण ती वाचत राहिलो. वास्तवाची ही फूटपट्टी आपण नेमकी याच दोघांच्या खोलीत घेऊन का जातो?

आणि ही गोष्ट आपल्यापुरती नाही. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर याने १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली. ती तो जिवंत असेपर्यंत निघाली नाही. १९७० मध्ये तो वारला, १९७१ मध्ये पुस्तक आलं. त्याला जोडलेल्या टिपणात त्याने स्वच्छ लिहिलं आहे की सुखाचा शेवट त्याला अटळ वाटत होता, आणि पोराला फासावर लटकवून संपवलं असतं तर कुणाची काही तक्रार राहिली नसती. शंभरावर वर्षं उलटल्यावर चोपड्याच्या तरुणाला प्रकाशकाकडून तीच सूचना मिळते. आपल्या रंगभूमीवर १९८१ मध्ये आलेल्या तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली, एका मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा आत्महत्येपर्यंत जाते. ते नाटक मोठं आहे आणि त्याच्या काळात तसं लिहिणंच मोठं होतं. पण आपण त्या एकाच पायरीवर किती दशकं उभं राहायचं? मेलेल्या माणसासाठी रडणं वाचकाला सोपं जातं. पुस्तक मिटलं की त्याच्या घरातली, गल्लीतली कुठलीच गोष्ट जागची हललेली नसते. दुकानामागच्या खोलीत सकाळी चहा करणारी दोन जिवंत माणसं मात्र वाचकाला उद्या शेजारी म्हणून भेटू शकतात. अडचण वाटते ती याची.

‘हे आपलं नाही, पश्चिमेकडून आलं’ हा मुद्दा तर दोन्ही बाजूंनी मिळून वाया घालवला आहे. विरोधक संस्कृतीचा दाखला देतात. समर्थक लगेच शिखंडी, खजुराहो, पुराणातल्या कथा काढून दाखवतात. मला दोघांचाही वैताग येतो. समजा, पुराणात असा एकही उल्लेख नसता आणि एकाही देवळावर असं एकही शिल्प नसतं, तर या दोन पोरांचा एकमेकांवर जीव लावण्याचा हक्क कमी झाला असता का? पुरातनपणावर हक्क उभा केला की उद्या पुरातन अन्यायही त्याच आधाराने उभा राहतो. अस्पृश्यतेच्या बाजूने शास्त्राधार शोधणाऱ्यांनी दुसरं काय केलं होतं? इतिहासच बघायचा तर इतकाच बघू की ३७७ हे कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं, इंग्रजांनी घडवलेलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाहीच. परकं म्हणायचं तर आधी त्या कलमाला म्हणावं लागेल.

राहिला मातीचा प्रश्न. साहित्य आपल्या भूमीत रुजलेलं असावं हा आग्रह ज्यांनी मराठीत सगळ्यात जोरात मांडला ते भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ मध्ये त्यांची ‘कोसला’ आली तेव्हा ते पंचविशीत होते आणि ती त्यांची पहिली कादंबरी होती. रा. ज. देशमुखांनी ती छापली. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या आणि तिथून रिकाम्या हाताने परतलेल्या पोराची गोष्ट, तीही रूढ वळण पार मोडून टाकणाऱ्या मराठीत, कुणी वाचेल की नाही याची देशमुखांना कोणती हमी होती? मातीचा आग्रह खरा मानला तर मृगबाग-कांदेबागेचा फरक जाणणारी, रात्रीच्या लाईटीवर कथानक हलवणारी, अहिराणीत भांडणारी ही कादंबरी त्या कसोटीला उतरते. पात्रं पुण्यात हलवा म्हणणारा प्रकाशकच तिला मुळापासून उपटू पाहतो आहे. मराठीत या विषयावर पुस्तकं नाहीत असंही नाही. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ २००५ मध्ये आली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये. दोन्ही असे संबंध गुन्हा नाहीत म्हणणाऱ्या २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाच्याही आधीची, दोन्ही शहरी. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि अजून आपण विचारतो आहोत की हे खान्देशात घडतं का.

खान्देशाला मागून येणारा मुलूख समजण्याची ही सवय आपणच आपल्याला लावून घेतली आहे. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं ते डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मोठे प्रश्न शहरात सुटतील आणि गावाला नंतर कळवले जातील, हा हिशेब केळीच्या बागांमधल्या त्या गावाने तेव्हाच मोडला. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या तेव्हा ती बोली पुण्याच्या वाचकाला कळेल का, या काळजीने कुणी त्यांच्या माहेरच्या असोद्याचं शेत सदाशिव पेठेत नेलं नाही. अत्र्यांनी त्या ओव्यांची वही कविता म्हणून वाचली, आणि ते पुरलं.

‘समाज अजून तयार नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा नीट विचार करणं भाग पडलं. समाज तयार होतो कसा? १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला तो र. धों. कर्व्यांनी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं हे विचारत होती, टपालाने, मराठीत. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. समाज तयार नव्हताच. पण मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, निघत राहिलं. तयारी झाली असेल तर ती त्या अंकांनी केली. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले तेव्हा विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं करायला समाज तयार होता का? उपोषणाआधी ते गावोगाव हिंडले, बोलले, आणि मग बसले. समाज तयार होईपर्यंत घरी थांबले असते तर कुणासाठी थांबले असते?

आता ज्या मुद्द्यापाशी मी सगळ्यात जास्त अडखळले तो. एका जाणत्या गृहस्थांनी, ज्यांना मी नाना म्हणते आणि ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, मला सांगितलं: ‘‘ताई, गावात अशी माणसं पूर्वीपासून आहेत. सगळ्यांना माहीत असतं. कुणी बोलत नाही, म्हणून ती सुखाने राहतात. तुम्ही पुस्तक काढलंत की गाव त्यांच्याकडे बोट दाखवायला लागेल. ज्यांच्यासाठी काढता त्यांचंच नुकसान.’’ हे द्वेषातून आलेलं नाही. गावगाड्यात न बोलून सांभाळून घेण्याची रीत खरोखर आहे आणि तिने कित्येकांना वाचवलंही आहे. शहरातल्या माणसाला ही रीत दिसत नाही म्हणून तो तिला ढोंग म्हणतो; मी म्हणणार नाही.

पण नाना, त्या गप्प राहण्याची किंमत कोण देतं? गाव सांभाळून घेतं ते एका अटीवर: त्याने लग्न करायचं. माझ्याकडे बी.ए.ला शिकलेली एक मुलगी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत माहेरी परत आली. नवऱ्याने तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, तो तिच्याकडे पाहतही नव्हता इतकंच. अंगणात दोन्हीकडची माणसं बसली, चहा झाला आणि प्रश्न विचारला गेला तो तिला: तू त्याला धरून का ठेवलं नाहीस? तिकडे बसलेल्या निम्म्या माणसांना कारण ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. सांभाळून घेणं ते हेच. तो पुरुषही तिथे मान खाली घालून बसला होता, त्यालाही ते लग्न नको होतं. दोन आयुष्यं त्या अंगणात संपली आणि गावाच्या लेखी सगळं शांततेत पार पडलं. या मुलीने लग्नाआधी असं एखादं पुस्तक वाचलं असतं, किंवा त्या मुलाने वाचलं असतं, तर लग्न टळलंच असतं असं मी म्हणत नाही. पण अंगणात कुणा एकाला तरी बोलायला शब्द सापडले असते.

आणि बोट दाखवण्याचं म्हणाल तर ते आजही दाखवलं जातंच, फक्त टिंगलीत. लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नकलांमध्ये. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या मोबाइलवर स्वतःविषयी कळण्यासाठी आज काय आहे? एक तर थट्टा, नाहीतर उघडंनागडं. त्या दोहोंच्या मध्ये त्याच्या बोलीत, त्याच्या शिवारात घडणारं, माणसाच्या उंचीचं काही ठेवायला वाचनालयाशिवाय दुसरी जागा कोणती?

अश्लीलतेची भीती मी थोडक्यात आटोपते, कारण हस्तलिखितात भिण्यासारखं काही नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ती कथा अश्लील नाही असा निकाल लागला. लैंगिक संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील धरला तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा आशयाचं न्यायालयाचं म्हणणं होतं. मराठी प्रकाशकाला हा निकाल तरी तोंडपाठ हवा.

समर्थकांबद्दल मात्र जास्त बोलायला हवं, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत. ‘धाडसी’ हा शब्द वापरून आपण या लेखकाचं किती नुकसान करतो आहोत याची त्यांना कल्पना नाही. हस्तलिखितात दोष आहेत. मधली तीन-चार प्रकरणं सैल पडली आहेत. धुळ्याच्या बसस्थानकावरची भेट निव्वळ योगायोगावर उभी आहे. बहिणीचं पात्र शेवटी इतकं सुंदर उतरतं, पण त्याआधी दीडशे पानं ती फक्त ताट वाढताना दिसते. हे त्याला कुणी सांगितलं? विरोधकांनी नाही, कारण त्यांना पुस्तकच नको. प्रकाशकांनी नाही, कारण सगळे शेवटावर अडले. समर्थकांनीही नाही, कारण दबलेल्या आवाजाला योगायोग खटकतो हे सांगणं त्यांना अशिष्ट वाटलं. कोणत्याही नवख्या कादंबरीकाराचा पहिला हक्क म्हणजे त्याचं लिखाण एखाद्या संपादकाने पेन हातात घेऊन वाचावं. तो हक्क याला मिळालाच नाही. सहानुभूतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रती परत केल्या. मग पुस्तक कच्चं निघेल, वाचक म्हणतील ‘विषयामुळे छापलं’, आणि पुढच्या लेखकासाठी दार आणखी जड होईल.

हे तुमच्याच आयुष्यातलं आहे का, हा प्रश्न त्याच पठडीतला. प्रेमकथा लिहिणाऱ्या किती लेखकांना आपण दारात अडवून त्यांच्या प्रेमाचा पुरावा मागितला आहे? त्याने मला या बाबतीत काही सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही, आणि वाचकालाही विचारण्याचा अधिकार नाही. पण गावात राहणाऱ्या, लग्नाची बहीण घरात असलेल्या माणसाला मुखपृष्ठावरचं नाव महागात पडू शकतं, हे विरोधकांचं म्हणणं मी शब्दशः मान्य करते. अशा वेळी ‘लपून लिहिण्यात काय अर्थ’ असं म्हणणारे समर्थक मला निर्दय वाटतात. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक निघालं तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं असं उघड लिहिणारी ही बाई कोण म्हणून महाराष्ट्रभर गहजब झाला. ह. वि. मोट्यांनी पुस्तक छापलं आणि नाव सांगितलं नाही. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर हे लोकांना पुढे कळलं. तोवर त्या कथा आपलं काम करून बसल्या होत्या. टोपणनावाने त्या कथांचं वजन तसूभर कमी झालं का?

तेव्हा जो कुणी प्रकाशक हे हस्तलिखित हातात घेईल त्याच्याकडे माझी मागणी साधी आहे. लेखकाला टोपणनाव हवं असेल तर करारातच गुप्ततेचं कलम घाला आणि ते पाळा. मलपृष्ठावर ‘वादळी’, ‘धाडसी’, ‘वाचा फोडणारी’ यांतलं काही छापू नका. चोपड्याजवळच्या दोन माणसांची प्रेमकथा एवढं लिहा. अहिराणी संवादांना तळटिपा लावू नका. खर्चाची अडचण असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथे अर्ज करायला त्याला मदत करा, त्याच्या घरच्यांच्या केळीच्या पैशावर डोळा ठेवू नका. वाचनालयांनी दोन प्रती घ्याव्यात आणि त्या समाजशास्त्राच्या कपाटात न कोंडता कादंबऱ्यांच्या फळीवर लावाव्यात, जिथे दुपारी बायका आणि परीक्षेची पोरं येऊन पुस्तकं चाळतात. समीक्षकांनी तिला झोडपायचं असेल तर खुशाल झोडपावं, बसस्थानकावरच्या त्या भेटीवरून झोडपावं.

त्या प्रकरणाबद्दल आणि बहिणीच्या पात्राबद्दल मी त्याला सविस्तर लिहिलं आहे. तो ती प्रकरणं पुन्हा लिहितो आहे. शेवटच्या प्रकरणावर मी काही खूण केलेली नाही.